कुणाच्या घराण्यातून आलं?

डॉक्टरताई, नमस्कार.

माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. दिवाळीनंतर त्याला सारखा ताप यायचा. पाय दुखतात, उचलून घे, असं म्हणायचा. आम्हाला वाटलं लाडाला आलाय. मग अंगावर निळे डाग दिसले. मिरजेला रक्त तपासलं आणि तिथून थेट मुंबईला पाठवलं. बी-एएलएल म्हणजे रक्ताचा कॅन्सर निघाला. पहिल्या महिन्याची किमो झाली, एमआरडी, म्हणजे उपचारानंतर उरलेल्या कॅन्सरपेशींची तपासणी, निगेटिव्ह आलीय, डॉक्टर खूश आहेत.

पण घरात वेगळंच चाललंय. पहिल्या रिपोर्टात क्रोमोसोम नॉर्मल लिहिले होते. आठ दिवसांनी दुसरा रिपोर्ट आला, त्यात ‘ईटीव्ही६-आरयूएनएक्स१ पॉझिटिव्ह’ असं होतं. हा जेनेटिक बदल आहे असं डॉक्टर म्हणाले आणि सासूबाईंनी तेवढंच धरलं. माझ्या सासूबाई म्हणजे माझ्या सख्ख्या आत्या. ‘आमच्यात असं कुणाला नव्हतं’ म्हणतात. मावशी म्हणते, नात्यात लग्न केलंत म्हणून झालं. पाचव्या महिन्यात ग्रहण होतं आणि मी विळीवर भाजी चिरली होती, तेही निघालं. दीर म्हणतात, नाळेचं रक्त साठवलं असतं तर आज कामाला आलं असतं. धाकटी दीड वर्षांची आहे. एका लॅबचा माणूस म्हणतो, पूर्ण जेनेटिक पॅनेल करा, तिला होणार की नाही ते कळेल. पैसे कसेतरी जमवू, पण करावं का? पहिल्या लॅबनं चूक केली होती का? आणि खरं सांगा, माझ्यामुळे झालं का?

– एक आई, जत तालुका

———

नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुमच्यामुळे झालेलं नाही. तुमच्या यजमानांमुळे नाही, आत्यांमुळे नाही, विळीमुळे तर नाहीच नाही. धाकटीचं पॅनेल आत्ता करू नका. पहिल्या लॅबनं चूक केलेली नाही. आता हे मी कशाच्या जोरावर म्हणते ते सांगते, कारण नुसतं ‘मनाला लावून घेऊ नका’ म्हटल्यानं घरातली बोलणी थांबत नाहीत.

त्या दोन रिपोर्टांपासून सुरू करू. मुलाच्या कमरेच्या हाडातून मॅरो, म्हणजे हाडातला मगज, काढला, त्यातल्या पेशी वाढवून त्यांची गुणसूत्रं, म्हणजे क्रोमोसोम, सूक्ष्मदर्शकाखाली मांडली. ही पहिली तपासणी. तुमच्या मुलाच्या पेशींत १२ नंबरच्या आणि २१ नंबरच्या गुणसूत्रांनी टोकाचे तुकडे आपसात बदललेत. त्यामुळे ईटीव्ही६ आणि आरयूएनएक्स१ ही दोन जनुकं एकमेकांना चिकटली, रिपोर्टातला जोड तो हाच. पण ते दोन तुकडे दिसायला इतके सारखे असतात की अदलाबदल झालेली डोळ्याला कळतच नाही. म्हणून पहिल्या कागदावर ‘नॉर्मल’ आलं. ही अदलाबदल विज्ञानालाही १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत माहीत नव्हती. ती दिसायला त्या जागी चिकटणारे रंगीत ठिपके सोडावे लागतात. त्या तपासणीला फिश म्हणतात. तुमचा दुसरा रिपोर्ट बहुधा तिचाच, नाहीतर पीसीआर नावाच्या तपासणीचा असेल. दोन्ही लॅब बरोबर आहेत.

आता घरात कुणाच्या लक्षात न आलेली गोष्ट. तपासलं काय? तर आजारी पेशी. मुलाच्या गालाच्या आतली किंवा कातडीची पेशी घेतली असती तर हा जोड तिथं सापडला नसता. तुमच्या रक्तात नसता, वडलांच्या रक्तात नसता, आत्यांच्याही नसता. जुना सातबारा नव्या वहीत उतरवताना एका गटाची अर्धी ओळ दुसऱ्या गटाखाली लिहिली जावी, तसं त्याच्या एका रक्तपेशीत पेशी दुप्पट होताना झालं. मूळ दप्तर शाबूत आहे. म्हणून पुढे तुमचा मुलगा बाप झाला तर त्याच्या मुलांकडेही हा जोड जाणार नाही. आणि हा काही जगावेगळा प्रकार नाही. बी-एएलएल झालेल्या मुलांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात हाच जोड सापडतो आणि उपचाराला तो चांगली साथ देतो. डॉक्टर खूश आहेत ते उगाच नाही.

मग त्या एका पेशीत हे झालं कधी? याचं उत्तर शोधलं गेलं ती गोष्ट मला फार आवडते. ब्रिटनसारख्या देशांत बाळ जन्मल्यावर टाचेला टोचून रक्ताचे थेंब एका जाड कागदावर घेतात, जन्मजात आजार तपासायला. त्यांना गथ्री कार्ड म्हणतात. तपासणी झाली की कार्डं वर्षानुवर्षं खोक्यांत पडून असतात. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमधल्या मेल ग्रीव्ह्ज यांच्या गटानं १९९० च्या दशकाच्या अखेरीस ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झालेल्या मुलांची हीच जुनी कार्डं मागवली. वाळलेल्या ठिपक्यांतून डीएनए काढला आणि त्या त्या मुलाच्या आजारी पेशीत जो जोड होता, नेमका तोच बऱ्याच कार्डांवर सापडला. मूल दोन-चार वर्षांनी आजारी पडलं, पण पहिला बदल जन्माच्या आधीच झालेला होता. जुळ्यांनी याला पुरावाच दिला. एकाच वारेवर वाढलेल्या जुळ्यांपैकी एकाच्या पेशीत पोटात हा बदल झाला, तर ती पेशी वारेच्या रक्तातून दुसऱ्याकडेही पोचते.

‘पोटातच झालं’ हे वाचून तुम्ही पुन्हा विळीकडे पाहाल, म्हणून पुढचं नीट वाचा. २००२ साली याच गटानं निरोगी बाळांच्या नाळेचं रक्त तपासलं. शंभरातल्या साधारण एका बाळात हा जोड सापडला. पुढच्या एका अभ्यासात त्याहूनही जास्त बाळांत दिसला. पण या जोडाचा ल्युकेमिया होतो तो त्या बाळांपैकी जेमतेम शंभरात एकाला. बाकीची शाळेत जातात, भांडतात, मोठी होतात आणि आपल्या रक्तात कधीकाळी असं काही होतं हे कुणाला कळतही नाही. ग्रहणानं हे होत असतं तर दर शंभर बाळांमागे एका आईनं ग्रहणात भाजी चिरली असं म्हणावं लागेल, आणि ज्या देशांत ग्रहण पाळतच नाहीत तिथं निम्मी मुलं आजारी असती. मोठ्या माणसाचा मॅरो सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार करतो, आणि पोटातल्या बाळाचं सगळं शरीर तर तेव्हा वाढीच्याच घाईत असतं. एवढ्या नकला होताना एखादी चुकते. यात कारण असतं ते एवढंच, आणि त्याला कुणाचं नाव देता येत नाही.

नुसत्या या जोडानं कॅन्सर होत नाही, जन्मानंतर त्याच पेशीत आणखी बदल व्हावे लागतात. ते कसे होतात यावर अजून काम चालू आहे. प्रतिकार शिकणाऱ्या पांढऱ्या पेशी स्वतःच्या जनुकांची मुद्दाम काटछाट करत असतात, तऱ्हेतऱ्हेच्या जंतूंसाठी तऱ्हेतऱ्हेची हत्यारं बनवायला. ही कात्री भलत्या जागी चालल्याच्या खुणा या जोडाच्या ल्युकेमियात सापडल्या आहेत. ग्रीव्ह्ज यांचं म्हणणं असं की पहिल्या वर्षात ज्या बाळांचा जंतूंशी फारसा संबंध येत नाही, त्यांची प्रतिकारशक्ती पुढे एखाद्या साध्या संसर्गाला अवाजवी जोरात उत्तर देते आणि तेव्हा हे घडत असावं. लवकर पाळणाघरात गेलेल्या मुलांत हा आजार किंचित कमी दिसतो, हा त्यांचा एक आधार. पण हा अंदाज आहे. ‘तू त्याला मातीत खेळू दिलं नाहीस’ असं उद्या कुणी म्हणायला लागलं तर माझं नाव सांगू नका, मी तसं म्हटलेलं नाही.

आता मावशींचं म्हणणं. ते मी झटकणार नाही, कारण त्यात अर्धा दाणा खरा आहे. आतेभाऊ-मामेबहिणीचा वारसा साधारण एक अष्टमांश सारखा असतो. त्यामुळे आजी-आजोबांकडून आलेलं एखादं बिघडलेलं जनुक दोघांकडून एकाच मुलात उतरण्याची शक्यता वाढते. असे काही आजार आहेत ज्यांत दोन्ही बाजूंनी बिघडलेली प्रत आली तर पुढे रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा त्यातला सगळ्यांत माहीत असलेला. त्या मुलांची उंची खुंटते, अंगठा नीट नसतो किंवा नसतोच, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग असतात. दुसऱ्या एका दुर्मिळ प्रकारात असेच डाग आणि लहान वयात वेगवेगळे कॅन्सर दिसतात. तुमच्या मुलाच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी त्याचे हात, कातडी, उंची पाहिली असणार. तुम्ही पत्रात यातलं काहीच लिहिलेलं नाही. तरी पुढच्या फेरीला त्यांना सरळ सांगा: आमचं लग्न नात्यातलं आहे, जन्मजात काही शोधायची गरज वाटते का? हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. मात्र तुमच्या मुलाच्या रिपोर्टातला १२-२१ चा जोड हा अशा दुहेरी वारशातून येत नाही. नात्याबाहेर लग्न केलेल्या घरांतही तो दिसतो.

घराण्यातून खरोखर येणारे प्रकार आहेत, पण थोडे. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना ल्युकेमियाचा धोका इतरांच्या १० ते २० पट असतो, आणि तोही बहुतेक वेळा आईवडलांकडून आलेला नसतो. टीपी५३ हे जनुक जन्मतः बिघडलेलं असेल तर त्या घरात तरुणपणी वेगवेगळे कॅन्सर होत राहतात. अशा मुलांच्या ल्युकेमियात गुणसूत्रंच कमी झालेली दिसतात, तुमच्या रिपोर्टात तसं नाही. आणि एक खड्डा आधीच दाखवून ठेवते. कुणीतरी भाचा मोबाईलवर ‘आरयूएनएक्स१’ शोधेल आणि घाबराघुबरा होऊन सांगेल की हा तर घराण्यातला आजार आहे. त्याच नावाचं जनुक जन्मतः बिघडलेलं असण्याचा एक वेगळा आजार आहे, त्यात घरातल्या अनेकांच्या प्लेटलेट पिढ्यानपिढ्या कमी असतात. नाव एक, भानगड वेगळी. तुमच्या मुलात ते जनुक दुसऱ्याला चिकटलंय, तेही फक्त आजारी पेशीत.

धाकटीकडे येऊ. पश्चिमेकडच्या नोंदींनुसार पंधरा वर्षांच्या आत ल्युकेमिया होतो तो दोन हजार मुलांत साधारण एकाला. भावंडाला झालेला असेल तर शक्यता थोडी वाढते, पण इतक्या छोट्या आकड्याचे दोन-तीन पट केले तरी तो छोटाच राहतो. ती जुळी असती तर मी वेगळं लिहिलं असतं. ती जुळी नाही. ‘तिला होणार की नाही’ हे सांगणारं पॅनेल जगात कुठेही नाही. २००९ पासून मोठ्या अभ्यासांत धोका किंचित वाढवणारे काही जनुकबदल सापडलेत, एआरआयडी५बी आणि आयकेझेडएफ१ ही त्यातली नावं, पण ते लक्षावधी निरोगी लोकांतही असतात. लॅबचा माणूस तुम्हाला अशीच एखादी ओळ लाल शाईत छापून देईल आणि तुम्ही पुढची दहा वर्षं तिच्या प्रत्येक तापाला दचकाल. ते पैसे मुंबईच्या फेऱ्यांना, राहण्याला ठेवा. उपचारासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं काम अजून झालं नसेल तर हॉस्पिटलातल्या समाजसेवकाला गाठा.

तिचं रक्त एकाच कारणासाठी कधी मागतील, ते म्हणजे मॅरो जुळतो का पाहायला. सख्ख्या भावंडाचा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. पण ते आजार उलटला तर. एमआरडी निगेटिव्ह आलेल्या, या जोडाच्या मुलाला आत्ता त्याची गरज नसते.

दिरांना सांगा की नाळेचं रक्त साठवलं असतं तरी याच मुलाला ते दिलं नसतं. कारण वर सांगितलंच, पहिला बिघाड बहुतेक त्याच रक्तात जन्मतः बसलेला असतो, तो परत कोण देईल? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, २०१७ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्वतःच्या पुढच्या वापरासाठी नाळेचं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही असं लिहून ठेवलंय. जाहिरातीत बाळाचं हसरं तोंड असतं, ही ओळ नसते.

एवढं वाचून वाटेल की मग ही जनुकांची तपासणी केलीच कशाला? ती भूतकाळ शोधायला केलेली नव्हती. शिकागोच्या जॅनेट राउली या बाई १९७२-७३ च्या सुमारास गुणसूत्रांचे फोटो घरी आणून जेवणाच्या टेबलावर कात्रीनं कापत बसायच्या. आई कागदाच्या बाहुल्यांशी खेळते म्हणून मुलं चिडवायची. त्या कापाकापीतून ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांची अदलाबदल कळली आणि २००१ साली त्यावर नेमका मारा करणारी इमॅटिनिबची गोळी बाजारात आली. आज एएलएलच्या ज्या थोड्या मुलांत ती ९-२२ ची अदलाबदल सापडते, त्यांना किमोसोबत ही गोळी किंवा तिच्यासारखी गोळी देतात. तुमच्या मुलात ती नाही, वेगळी आहे, म्हणून त्याला कमी कडक औषधांवर भागवता येण्याची शक्यता आहे. रिपोर्ट कामाला येतो तो असा.

आणि एक जनुक तपासणी आहे, जिच्याबद्दल तुम्हाला कुणी विचारलं नाही, पण मी विचारायला लावेन. मेंटेनन्समध्ये, म्हणजे कडक किमो संपल्यावरच्या लांब टप्प्यात, त्याला रोज सिक्स-एमपी या किमोच्या औषधाची गोळी मिळेल, दीड-दोन वर्षं. एनयूडीटी१५ नावाच्या जनुकात जन्मतः फरक असेल तर ही गोळी अंगात साठत जाते आणि काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, धाडकन खाली येतात. हा फरक युरोपी लोकांपेक्षा आपल्याकडे, आशियात, जास्त आढळतो. दोन्ही प्रती तशा असतील तर नेहमीच्या डोसच्या दहाव्या भागाच्या आसपासच पुरतो. हा मात्र खरोखर घराण्यातून आलेला गुण, त्याचा कॅन्सरशी संबंध नाही, फक्त गोळी पचवण्याशी आहे. टीपीएमटी नावाच्या जनुकाचंही तसंच. मेंटेनन्स सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारा, ही टेस्ट झालीय का. झाली नसेल तरी घाबरायचं नाही, दर काही दिवसांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, पाहून ते डोस बसवतात. पण काउंट खाली गेले म्हणून गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, आणि मूल बरं दिसतंय म्हणून तर अजिबात नाही. अमेरिकेतल्या मुलांच्या अभ्यासात ज्यांच्या गोळ्या ९५ टक्क्यांपेक्षा कमी दिवस घेतल्या गेल्या, त्यांच्यात आजार जास्त उलटला. या महिन्यांत मूल खेळत असतं, केस परत येतात, लग्नं-जत्रा असतात, आणि गोळी राहते.

आत्यांबद्दल. तुमचं माहेर ते त्यांचंही माहेर. ‘तुझ्या घराण्यातून’ असं त्यांनी म्हटलं की बोट त्यांच्या वडलांकडेच जातं, हे त्यांनाही कुठेतरी कळत असेल. माझ्या अनुभवात आज्या असं बोलतात तेव्हा बहुतेक वेळा त्या स्वतःलाच विचारत असतात की हे माझ्याकडून तर आलं नाही. हे लग्न कुणी जुळवलं ते तुम्ही लिहिलं नाहीत. त्यांनी जुळवलं असेल तर मावशींचं बोलणं तुमच्याहून त्यांना जास्त लागलं असणार. पुढच्या फेरीला त्यांना मुंबईला घेऊन जा. ‘कुठल्याच घराण्यातून आलेलं नाही’ हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांनी स्वतः ऐकू दे. सुनेकडून, भाचीकडूनही, ते पचणार नाही.

आणि त्यांना काम द्या. गोळ्यांची वही त्यांच्याकडे ठेवा, रोज रात्री गोळी दिली की तारखेपुढे खूण. लिहिता येत नसेल तर टिकली चिकटवू दे. ताजं शिजवलेलं, गरम तेच द्यायचं. कच्ची कोथिंबीर, रस्त्यावरचा रस नाही. हे सांभाळायला घरात त्यांच्यासारखी कडक बाई हवीच. थर्मामीटरही त्यांच्याच हाती द्या. काखेत लावायचा. तुमच्या हॉस्पिटलनं तापाचा आकडा दिला असेल तो भिंतीवर लिहा, बहुतेक ठिकाणी तो १००.४ असतो. तेवढा ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन तो झाकायचा नाही, गावातल्या दवाखान्यात कमरेत इंजेक्शन घ्यायचं नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहायची नाही. हॉस्पिटलचा नंबर फिरवायचा आणि गाडी काढायची. जतहून मिरजेला किती वेळ लागतो, रात्री गाडी कुणाची मिळते, हे आजच ठरवून ठेवा.